पिवळा फ्लास्क

बोलण्यात हरला की बुक्की हाताने बोलायला लागायचा. शाळेत हरला तेव्हा वर्गाचं दार फोडलं. कारखान्यात हरला तेव्हा मुकादमाचं नाक. आता चाळिशीला टेकला होता, डाव्या डोळ्याने अंधुक दिसत होतं, पुढचे तीन दात कुणाकुणाच्या मुठींनी नेले होते, आणि तो बॉक्सिंगची जिम चालवत होता. ज्या गुणांपायी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या, त्याच गुणांवर पोट भरायची सोय त्याने करून घेतली होती.

ताई त्याची सख्खी थोरली बहीण. तिला मारामारीचा भारी तिटकारा, आणि तिचं कामही तसंच होतं, हळू हाताचं. एका प्रयोगशाळेत ती पेशी वाढवायची. एका बाईच्या गाठीतून कधीकाळी काढलेल्या, आणि ती बाई गेल्यावरही बाटल्यांमधून वाढतच राहिलेल्या पेशी. त्यांना वेळेवर ऊब द्यायची, वेळेवर खायला घालायचं, दाटी झाली की वेगळं करायचं. जिममधली माणसं तिला बाटलीताई म्हणायची आणि त्यावर वाटेल ते विनोद करायची. बुक्की त्या पेशींना 'तुझी पोरं' म्हणायचा.

खरी पोरं तिला झाली नाहीत, आणि झाली नाहीत ते बरंच झालं. तिचा नवरा तिला पट्ट्याने मारायचा. दोन वर्षं तिने माहेरी अवाक्षर काढलं नाही. बुक्कीला कळलं त्या दुपारी तो तिच्या घरी गेला, दाराला आतून कडी लावली, आणि अर्ध्या तासाने कडी काढली तेव्हा नवऱ्याचा जबडा दोन जागी मोडला होता. भिंतीवर, पंख्यावर, कॅलेंडरवर रक्त उडालं होतं. "बॅग भर," एवढंच तो ताईला म्हणाला. तेव्हापासून बुक्कीला नाही म्हणायला तिची जीभ कधी रेटली नाही.

म्हणूनच तो एक डबी घेऊन आला, बिनलेबलाची, आत पिवळीजर्द पूड, तेव्हाही ती नाही म्हणाली नाही.

"चरबी जाळते म्हणे," बुक्की म्हणाला. "डावखुऱ्याचं वजन उतरवायचंय. विकणारा म्हणतो साधी पूड आहे, पण विकणारा काय, आईलाही विकेल. तू तुझ्या पोरांना पाजून बघ. मेली तर सांग."

"अशी तपासणी नसते रे बुक्की."

"मग कशी असते? तू माझी बहीण आहेस की सरकारी कचेरी?"

डावखुरा बुक्कीचा लाडका. सव्वीस वर्षांचा, दिवसभर लोकांचं सामान हलवायचं काम करणारा, अंगाने आडवा आणि बोलण्यात इतका मऊ की हाच माणूस रिंगमध्ये समोरच्याचं थोबाड फोडतो यावर विश्वास बसू नये. ताईने नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तिचा फ्रीज त्याने एकट्याने पाठीवर घेऊन चौथ्या मजल्यावर चढवला होता. त्याचा डावा ठोसा कुठून येतो ते समोरच्याला पडल्यावर कळायचं. अंतिम सामना तोंडावर आला होता. जिंकला तर देशाच्या संघात. फक्त सहा किलो उतरवायचे होते, आणि दिवस होते अठरा.

ताईने पूड घेतली. पाण्यात विरघळवली, गाळली, बाटल्यांमधल्या पेशींवर मोजून घातली. कमी, मध्यम, भरपूर. काम नीटनेटकं केलं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पेशी ज्या पाण्यात राहतात त्याला प्रयोगशाळेत सगळे मीडिया म्हणत. त्यात साखर असते, मीठ असतं, आणि एक गुलाबी रंग असतो. पेशींनी साखर खाऊन आंबट टाकायला सुरुवात केली की गुलाबी जाऊन पिवळा रंग येतो. पिवळा म्हणजे पेशी भुकेल्या आहेत, भरभर वाढतायत, पाणी बदला. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

तिसऱ्या दिवशी तिने पाहिलं, तर पूड घातलेले फ्लास्क, म्हणजे पेशींच्या त्या बाटल्या, साध्या फ्लास्कांपेक्षा आधी पिवळे पडले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ठणठणीत, एकमेकींना खेटून बसलेल्या. मेलेली एखादीच.

"काही होत नाही," तिने बुक्कीला फोनवर सांगितलं. "उलट छान वाढतायत."

"बघ!" बुक्की ओरडला. त्या दोन अक्षरांत त्याला किती आनंद झाला होता ते ताईला ऐकू आलं, आणि तिलाही बरं वाटलं. भावाच्या उपयोगी पडायची संधी तिला फार कमी वेळा मिळायची.

पुढच्या आठवड्यात ती त्याचा डबा द्यायला जिममध्ये गेली. डावखुरा सराव करत होता. सराव कसला, खाटीकखाना. समोरचा गडी हात वर करून थांब थांब म्हणत होता आणि डावखुरा थांबत नव्हता. डावा हात बरगडीत शिरला तेव्हा ओली काठी मोडावी तसा आवाज आला. गडी गुडघ्यांवर बसला आणि तोंडातून रक्ताची लाळ गळायला लागली. डावखुऱ्याने मग त्यालाच मिठी मारली आणि "चुकलं रे, चुकलं," म्हणत राहिला. तो थरथरत होता. अंगातून वाफा निघत होत्या.

बाकावर त्याचा टॉवेल पडला होता. पांढरा टॉवेल, आणि मानेच्या जागी हळदीसारखा पिवळा.

"घाम असा?" ताईने विचारलं.

"चरबी वितळतेय," बुक्की हसला. "साडेचार किलो गेले, ताई! तुझ्या पोरांचा विजय असो."

डावखुराही हसला. "नुसती आग होते हो अंगात. बर्फ खात बसतो दिवसभर. पण तुम्ही तपासलंय म्हटल्यावर काळजी नाही."

ताईही हसली. पण तो टॉवेल तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मनात काहीतरी टोचत होतं आणि काय टोचतंय ते सापडत नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या तिच्या मॅडमचं सगळं संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरायचं: गाठीतल्या पेशी इतक्या वेगाने वाढतात कशा? मॅडम नवीन माणसाला नेहमी एकाच तऱ्हेने सांगायच्या. आपल्या शरीरातली साधी पेशी साखर शेवटच्या कणापर्यंत जाळते, भट्टीत, प्राणवायू लावून, आणि पुरेपूर ऊर्जा काढून घेते. वाढणाऱ्या पेशीला तेवढं जाळून चालत नाही. तिला घर बांधायचंय. सगळं लाकूड चुलीत घातलं तर वासे कशाचे करणार? म्हणून ती साखर अर्धवट मोडते. काही तुकडे आडवाटेने नेते, त्यातून नव्या पेशीच्या भिंती, तिचे धागेदोरे उभे करते. उरलेलं आंबट करून बाहेर फेकते. उधळपट्टी आहे, पण साखर मुबलक असली की परवडते. अशा पेशीची भट्टी विझली तरी तिचं फारसं अडत नाही. ताईने हे शंभरदा ऐकलं होतं. ऐकताना ती बाटल्या पुसत असायची.

त्या आठवड्यात मॅडमनी एक वेगळा मीडिया करवून घेतला होता. त्यात नेहमीची साखर काढून दुसरीच साखर घातली होती, जी आडवाटेने लवकर मोडता येत नाही. तिच्यावर जगायचं तर पेशीला भट्टी पेटवावीच लागते. सामन्याच्या दोन दिवस आधी ताईने उरलेली पूड काढली आणि त्या मीडियातल्या पेशींवर घातली. का, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, उगाच.

सामन्याच्या दिवशी सकाळी नेहमीच्या कामांचा ढीग होता. ते फ्लास्क तिच्या हातात आले तेव्हा दोन वाजून गेले होते. गुलाबी. स्वच्छ गुलाबी, पिवळेपणाचा मागमूस नाही. तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशी सुटून तरंगत होत्या, फुटलेल्या, सुरकुतलेल्या. सगळ्यात कमी मात्रेचा फ्लास्क पाहिला. तिथेही मेलेल्या. एक जिवंत सापडते का म्हणून ती काच सरकवत राहिली. नव्हती.

आता ताईला कळलं. पूड भट्टीच फोडत होती. जाळ नुसता होत होता, त्यातून ऊर्जा काही निघत नव्हती. तिच्या लाडावलेल्या पेशी गोड पाण्यात डुंबत होत्या, भट्टी फुटली तर आडवाट होती, म्हणून तगल्या. भट्टी गेली म्हणूनच त्या दुप्पट साखर खात होत्या, म्हणूनच फ्लास्क आधी पिवळे पडले. ते ओरडून सांगत होते आणि तिने त्याला बाळसं समजलं. पण डावखुऱ्याच्या हृदयाला कुठे घर बांधायचं होतं? त्याला धडधडायचं होतं. त्याला भट्टीच हवी.

बुक्कीने फोन उचलला नाही. सामन्याच्या दिवशी तो उचलतच नसे. चौथ्या वेळी तिने फोन पिशवीत फेकला आणि हातमोजे न काढताच धावली.

स्टेडियमच्या मागच्या बाजूला व्यायामाची खोली होती, तिथे डावखुरा तयार होत होता. साडेतीन वाजले होते. बाहेर लोक पाय आपटत होते, खोलीच्या भिंती थरथरत होत्या. डावखुरा बाकावर बसला होता, उजवा हात पट्टीने बांधून झालेला, डावा उघडा, पंजा बाकावर पसरलेला. डोळे लालभडक. धावून आल्यासारखा धापा टाकत होता, आणि तो तर बसून होता.

ताईने त्याच्या कपाळाला हात लावला आणि हातमोज्यातूनही तिला चटका बसला.

"बुक्की, याला उतरवू नकोस. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. माझं चुकलं, ती पूड विष आहे."

"काय?"

"मी साखरेत तपासली होती. साखरेत त्या मरत नाहीत. दुसऱ्या पाण्यात सगळ्या मेल्या रे, सगळ्या!"

"पाणी?" बुक्कीच्या कपाळाची शीर उडायला लागली. "पंधरा दिवसांपूर्वी तू म्हणालीस काही होत नाही. सकाळी तीनशे ग्रॅम जास्त भरला म्हणून अजून दोन चमचे दिले मी त्याला. तुझ्या शब्दावर दिले. आणि आता अर्धा तास राहिला तर तू मला पाणी सांगतेस?"

"त्याचं अंग बघ तरी!"

"गरम झाल्याशिवाय लढतं का कुणी?" त्याने तिचा दंड धरला आणि तिला फरफटत दारापर्यंत नेलं. ती दाराच्या चौकटीला धरून राहिली. त्याने तिच्या बोटांवर बुक्की मारली. जन्मात पहिल्यांदा त्याने तिच्यावर हात उचलला होता.

"ताई," डावखुरा बाकावरून म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. "आज नका ना काही सांगू. दहा वर्षं थांबलोय मी. उद्या जाऊ की दवाखान्यात."

उद्या. ताईला ते मेलेले फ्लास्क दिसले, एका मागे एक. तिला कळत होतं की बोलून काही होणार नाही. डॉक्टर रिंगपाशी, गर्दीच्या पलीकडे. बुक्की दारात. दहा मिनिटांत दुसरा हात बांधला जाईल, त्यावर ग्लोव्ह चढेल, आणि मग त्याला कुणी अडवू शकणार नाही.

भिंतीशी लोखंडी वजनांच्या चकत्या रचून ठेवल्या होत्या. बुक्की कुणाला तरी हाक मारायला वळला, तेवढ्यात ताईने दहा किलोची चकती दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलली, बाकापाशी आली, आणि त्या पसरलेल्या डाव्या पंजावर कड खाली करून आपटली.

आवाज एकदाच झाला. डावखुऱ्याने आधी हाताकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि मग किंचाळला. बोटं भलत्याच दिशांना गेली होती. एका सांध्यातून पांढरं हाड वर आलं होतं आणि रक्त बाकाच्या फळ्यांमधून खाली ठिबकत होतं. ताईने पुन्हा चकती उचलली. एकदा मारून हात वाचला तर, एवढीच तिला भीती होती. तिने दुसऱ्यांदा आपटली.

बुक्कीचा ठोसा तिला दिसलाच नाही. गालाचं हाड मोडल्याचं तिला आतून ऐकू आलं. ती चकत्यांवर जाऊन पडली, आणि तो तिच्या छातीवर बसला आणि मारतच राहिला, नवऱ्याला मारलं होतं तसा, रडत, तोंडाने काहीतरी बरळत. "त्याचा हात! त्याचा हात, ताई!" तिने हात वर केले नाहीत. डोळ्यांत रक्त उतरलं होतं तरी ती दाराकडेच बघत होती, कारण एवढ्या किंचाळ्यांनंतर डॉक्टर येणार हे तिला ठाऊक होतं. त्यासाठीच तर तिने हात फोडला होता.

दोघांनी बुक्कीला मागे खेचलं. स्पर्धेची डॉक्टरीण आत आली, हाताकडे पाहून तिने ओठ आवळले, नाडी बघायला डावखुऱ्याचं मनगट धरलं, आणि झटकन सोडलं. मग काखेत तापमापक लावला आणि आकडा दोनदा वाचला.

"बेचाळीस? याला किती दिवस ताप आहे?" ती दाराकडे वळली. "बर्फ आणा! कुठून पण आणा, सगळा आणा!"

बाहेर थंड पेयांच्या बाटल्या ठेवलेला एक मोठा टब होता. बुक्कीने बाटल्या जमिनीवर उलथवल्या, टब एकट्याने उचलून आणला आणि डावखुऱ्याला त्यात दाबून धरलं. डावखुऱ्याला आकडी आली. त्याने बुक्कीच्या मनगटाचा लचका तोडला. बुक्कीने हात काढला नाही. टबातलं पाणी लाल झालं, त्यात त्या दोघांचं रक्त होतं, आणि कडेला पिवळसर घामाचा तवंग धरत होता. फुटक्या बाटल्यांच्या काचांमध्ये गुडघे टेकून बुक्की म्हणत होता, "थंड हो रे. थंड हो माझ्या राजा."

रिंगमध्ये तीन मिनिटं जरी नाचला असता तरी तिथेच मेला असता, असं दवाखान्यात सांगितलं. डाव्या हातावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं काढावी लागली. उरलेली वाकतील, पण मूठ होणार नाही.

पाचव्या दिवशी तो नीट शुद्धीवर आला, तेव्हा खोलीत फौजदारबाई वही घेऊन बसल्या होत्या. बुक्की पलंगाच्या पायथ्याशी, मनगटाला पट्टी. ताई खिडकीपाशी, अर्धा चेहरा काळानिळा, जबड्याला तारा.

"पूड मी आणली," बुक्की चौथ्यांदा सांगत होता. "मीच दिली. मारहाणही मीच केली. बहिणीचा काही संबंध नाही. तिने त्याला वाचवलं, एवढंच लिहा."

ताईला कळत होतं तो काय करतोय. जणू दाराला आतून कडी लावून तो पुन्हा एकदा तिच्या वाटणीचं निस्तरत होता. "बॅग भर" म्हटल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलंही. तोंडाला तारा होत्या. गप्प बसणं कधी नव्हे इतकं सोपं होतं.

"पण ताईंनी तपासली होती ना?" डावखुऱ्याने विचारलं. आवाज घोगरा, पण साधा. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"गप पड!" बुक्की ओरडला. "तुला ताप होता, तुला काय आठवतंय?"

"तपासली होती," ताई दातांच्या फटीतून म्हणाली. फौजदारबाईंनी पेन उचललं. "चुकीच्या पाण्यात. त्या पाण्यात विष चढतच नाही."

"ताई, नको," बुक्की म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

डावखुरा ऐकत होता. "म्हणजे तुम्हाला कळायचा काही मार्गच नव्हता?"

तो तिला वाट काढून देत होता. फ्रीज पाठीवर घेऊन चार मजले चढणारा माणूस, अजूनही तिचं ओझं उचलू पाहत होता. ताईला वाटलं, हो म्हणावं आणि घरी जावं.

"होता," ती म्हणाली. "फ्लास्क पिवळे पडले होते. तुझ्या टॉवेलसारखे. वेळेआधी पडले होते. मी पाहिलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, छान वाढतायत."

डावखुऱ्याने पट्ट्यांमध्ये गुंडाळलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उशाशी ठेवलेला पाण्याचा काचेचा जड पेला त्याने उजव्या हाताने उचलला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून तिच्या तोंडाच्या रोखाने फेकला.

ताईने मान बाजूला केली नाही. पेला तिच्या कानापासून हातभर लांबून गेला आणि भिंतीवर फुटला. बुक्कीने डोळे मिटून घेतले. डाव्या हाताने फेकला असता तर चुकला नसता.